मुंग्यांपासून चौकोनांपर्यंत

चांदूर रेल्वेत अँटेनाच्या दिवसांत एक जण गच्चीवर दांडी फिरवी आणि खालून दुसरा ओरडे, ‘आलं, आलं!’ पडद्यावर मुंग्या असल्या तरी माणूस ओळखू येई, संवाद कळे. डिजिटल प्रक्षेपणात ही मधली अवस्थाच उरली नाही. सुमारे ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहाची केयू बँडची लहर शेवटच्या काही किलोमीटरांतल्या पावसात क्षीण होते. चुका दुरुस्त होण्याची मर्यादा संपेपर्यंत चित्र लख्ख. ती संपली की चौकोन, तुटका आवाज, मग काळा पडदा.

पावसाला मात्र मी दोष देत नाही. माझी तक्रार निरभ्र रात्रीची आहे. एका वाहिनीवर प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) लागला होता. मूळ चौकट जवळपास ४:३. ती १६:९ पडदा भरण्यासाठी ताणलेली, म्हणजे रुंदी एक तृतीयांशाने जास्त. विष्णुपंत पागनीसांचा चेहरा फुगलेला. बिटरेट कमी, त्यामुळे ८×८ बिंदूंच्या ठोकळ्यांत फिल्मचा दाणा पुसला गेलेला आणि गर्दीतली माणसे मेणाची झालेली. शिवाय ओठ आधी, अभंग मागून. चित्र व ध्वनी वेगवेगळे आवळून पाठवतात. त्यांच्या वेळेच्या खुणा चुकल्या की असे होते. माझ्याजवळच्या डीव्हीडीत दोन्ही नीट जुळतात.

पुतण्या म्हणाला, “काका, जुने पिक्चर असेच रायते काय?”

१९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात नावाजलेल्या चित्रपटाबद्दल हा प्रश्न! गच्चीवर चढून सुटणारा हा दोष नव्हे, तो पाठवणाऱ्याच्या टोकाला आहे. मी रिमोटने चौकट ४:३ केली. चेहरा सावरला, अभंग मागेच राहिला.