हाक्याला कोण होते?

फराळाच्या ताटाशेजारी शिकारकथा वाढावी की नाही, हा प्रश्न आमच्या लहानपणी कोणालाच पडत नसे. मी दिवाळी अंक आधी मागून उघडत असे आणि पाय वाघाच्या अंगावर रोवून उभ्या राहिलेल्या बंदूकधाऱ्याचे चित्र सापडले की तिथेच बैठक मारत असे. आमचे आजोबा ओसरीवर सुपारी कातरत बसलेले असायचे. ते मला गोष्ट मोठ्याने वाचायला लावीत, शेवटपर्यंत ऐकून घेत आणि एकच प्रश्न विचारीत : "हाक्याला कोण होते, ते दिले आहे का रे?"

ते कधीच दिलेले नसे.

आजोबांनी तरुणपणी सुप्याच्या रानात साहेबलोकांना माग काढून दिले होते. उत्तर कानडा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. त्या साहेबांपैकी एकाने पुढे पुस्तक लिहिल्याची बातमी आमच्या घरी आली होती, आणि त्या पुस्तकात आपले नाव असेल, असे आजोबांना वाटत असे. खूप वर्षांनी मला ते पुस्तक जुन्या बाजारात मिळाले. त्यात वाघ आहे, ओढा आहे, मचाण आहे, साहेबाच्या थर्मासमधला चहासुद्धा आहे. आजोबा 'एक स्थानिक मनुष्य' ह्या तीन शब्दांत आटोपले आहेत. तेव्हापासून शिकारीचे वाङ्मय मी आजोबांच्या प्रश्नाच्या कसाला लावून वाचतो. ही कसोटी एकांगी आहे, हे मला मान्य आहे.

आपल्याकडच्या शिकारी आणि गळवाल्या मंडळींच्या संघजीवनाचा इतिहास लिहायचा, तर तो भायखळ्यापासून सुरू करावा लागतो. 15 सप्टेंबर 1883 रोजी तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ गृहस्थ जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. नावाने हे शिकारमंडळ नव्हे. प्राणिसृष्टीविषयीची टिपणे एकमेकांना सांगावीत, नमुने दाखवावेत, एवढाच बेत होता. परंतु पुढे सभासद झालेल्यांत बंदूक आणि गळ बाळगणाऱ्यांचा भरणा मोठा होता. सोसायटीचे नियतकालिक 1886 साली निघाले. त्याच्या पहिल्या दोन संपादकांपैकी स्टर्नडेल हे सातपुड्यातल्या शिकारीवर 'सिवनी' हे पुस्तक लिहून बसलेले होते, आणि पुढे 1948 साली महाशीर मासा गळाला कसा लावावा ह्यावरचे एक जाडजूड पुस्तक खुद्द सोसायटीनेच छापले. त्या आठांत दोन मराठी डॉक्टर होते. एक प्रार्थनासमाजाचे संस्थापक आत्माराम पांडुरंग, दुसरे रखमाबाईंचे सावत्र वडील सखाराम अर्जुन. दोघांचीही नावे आपण समाजसुधारणेच्या प्रकरणात वाचतो आणि पशुपक्ष्यांच्या प्रकरणात विसरतो, हा आपला खास मराठी आळस.

ह्या मंडळींच्या लेखनाचा गुण आधी सांगितला पाहिजे. तो गुण म्हणजे मोजमाप. वाघाची लांबी नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अंगाच्या वळणावरून फीत फिरवून घ्यायची, की दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून सरळ रेषेत घ्यायची, ह्यावर शिकाऱ्यांत केवढे वाद झाले आहेत! पहिल्या रीतीने वाघ काही इंच फुगतो, हे उघडच आहे. एखाद्याला ह्यात नुसता पोरकटपणा दिसेल. मला त्यात बढाईखोराने स्वतःच्या बढाईला घातलेली वेसण दिसते. आपल्या मराठी शिकारकथेत वाघ नेहमीच 'प्रचंड' असतो, त्याला फीत कोणी लावीत नाही.

पहिले चिटणीस एटकेन मात्र ह्या सगळ्यांत वेगळे. जन्म साताऱ्याचा, नोकरी जकात आणि मिठाच्या खात्यातली, लेखनाची सही 'ईहा'. सोसायटी निघाली त्याच वर्षी त्यांचे 'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर' प्रसिद्ध झाले. सरहद्दीवरच्या टोळ्यांशी सरकारचे धोरण कसे असावे, ह्याच्या चर्चा तेव्हा रंगत असत. ईहांच्या सरहद्दीवरच्या टोळ्या म्हणजे बंगल्यावर धाडी घालणारे उंदीर, मुंग्या, डास, कावळे आणि बेडूक. ही थट्टा आजही ताजी वाटते, कारण तिच्या मागे तासन्‌तास केलेले निरीक्षण आहे. त्यांचा कावळा कोणत्याही खिडकीत ओळखता येतो. पण हेच ईहा 1889 च्या 'बिहाइंड द बंगलो'त बंगल्यामागच्या नोकरचाकरांकडे वळतात आणि त्यांची दृष्टी आखडते. धोबी, माळी, भिस्ती, आया ही मंडळी विनोदी आहेत, चित्रे झकास आहेत, एकदोघांना नावेही आहेत. पण मुंगीला दिलेला धीर माळ्याच्या वाट्याला आलेला नाही. मुंगी असे का करते, हे ईहा विचारतात. माळी असे का करतो, ह्याचे उत्तर त्यांच्यापाशी आधीच तयार असते. मला ईहा फार आवडतात, म्हणूनच हे खटकते.

हे काळाचेच वैगुण्य होते, असे म्हणून सुटका होईल का? जिम कॉर्बेट काही फार पुढल्या काळातले नव्हते. 1952 साली त्यांनी 'माय इंडिया' हिंदुस्थानातल्या गरीब मित्रांना अर्पण केले आणि त्यात चोरून शिकार करणाऱ्या कुंवरसिंगालाही नावानिशी, मानाने बसवले. आपल्याकडे मारुती चितमपल्लींनी नवेगावबांधच्या माधवराव पाटील डोंगरवारांचे ऋण मोकळ्या मनाने सांगितले आहे. लेखकाचा मोठेपणा अशा जागी दिसतो.

सोसायटीची हकीकत मात्र चिटणिसांच्या नावांनीच सांगण्याचा प्रघात आहे. एटकेन, मग वीस वर्षे फिप्सन, मग मिलार्ड. 1908 साली पिवळ्या गळ्याची एक चिमणी छऱ्याच्या बंदुकीने पाडून छोटा सलीम अली ह्या मिलार्डसाहेबांपुढे उभा राहिला आणि मोठा पक्षिशास्त्रज्ञ घडला, ही गोष्ट तर घरोघर माहीत आहे. ती सुंदर आहे आणि खरी आहे. तिच्या जोडीला मला दुसरी एक ऐकायची आहे. 1959 साली सोसायटीने स्थलांतरी पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे काम हाती घेतले, तेव्हा पक्षी जिवंत आणि धडधाकट धरून कोण देणार? ते काम बिहारकडच्या मीरशिकारी पारध्यांच्या पिढीजात हातोटीवर चालले. बंदुकीने नमुने जमवणाऱ्या मंडळाला न मारता पक्षी हाती कसा घ्यावा, हे फासेवाल्यांनी दाखवले! 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर पडदा टाकला, त्याच्या आधीची ही गोष्ट. ती सवडीने, फराळाच्या वेळी वाचावी अशी कोणी लिहायला हवी होती.

आणि विल्यम! हा सोसायटीच्या कचेरीतला धनेश. 1894 साली तीन महिन्यांचा असताना कारवारहून आला, सव्वीस वर्षे चिटणिसाच्या खुर्चीमागे राहिला, एकदा पेटती सिगार गिळूनही ठणठणीत राहिला आणि 1920 साली तारेचा तुकडा गिळून मेला असे म्हणतात. सोसायटीच्या वास्तूला आज 'हॉर्नबिल हाऊस' म्हणतात. पक्षी पाठवणाऱ्या साहेबाचे नावही नोंदलेले आहे. धनेश उंच झाडाच्या ढोलीत घरटे करतो. कारवारच्या त्या झाडावर कोण चढले असेल?

आजोबांनी एका दिवाळीत मला त्यांच्या हाक्यातल्या सात सोबत्यांची नावे सांगितली होती. मी ती शाळेच्या वहीच्या शेवटच्या पानावर शिसपेन्सिलीने लिहून ठेवली. हा लेख लिहिण्यापूर्वी वही काढून पाहिली. पाच नावे वाचता येतात.