पेटीवादकाची दृष्टी आणि बोलपटाचे संगीत : गोविंदराव टेंबे यांच्या कार्याचे पुनर्मूल्यमापन

प्रस्तावना

मराठी चित्रपटसंगीताच्या इतिहासात गोविंद सदाशिव टेंबे (१८८१–१९५५) यांचे नाव पहिल्याच पानावर येते आणि बहुधा तेथेच संपते. पहिल्या मराठी बोलपटाचे नायक व संगीतकार एवढी नोंद करून अभ्यासक केशवराव भोळे आणि मास्टर कृष्णराव यांच्याकडे वळतात. टेंबे यांचे चित्रपटसंगीत म्हणजे पडद्यावर आणलेले नाट्यसंगीत, असा अभिप्राय त्यामागे असतो. हा अभिप्राय चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. टेंबे हे मूलतः पेटीवादक होते. त्यांच्या चालींचे गुण आणि त्यांच्या चित्रपटसंगीताच्या मर्यादा या दोहोंचा उलगडा त्या वाद्याच्या आधारे अधिक नीट होतो, अशी भूमिका प्रस्तुत लेखात मांडली आहे.

वाद्य आणि वादक

हार्मोनियम हे मूळचे युरोपीय वाद्य. पॅरिस येथील अलेक्झांडर देबेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते सिद्ध केले. पुढे कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी त्याला हाताने भाता चालविण्याचे सुटसुटीत रूप दिले आणि ते भारतीय बैठकीत सामावले. या वाद्यात प्रत्येक पट्टीचा स्वर आधीच ठरलेला असतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड त्यातून निघत नाही आणि श्रुतींचे सूक्ष्म भेदही दाखविता येत नाहीत. शास्त्रीय संगीताच्या अभ्यासकांचा पेटीवरील मुख्य आक्षेप हाच होता. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७० च्या दशकात शिथिल होऊ लागली. आज मात्र नंदुरबार, शहादा, तळोदा परिसरातील भजनी मंडळांत पेटी परकी आहे असे कोणी म्हणणार नाही.

कोल्हापूरजवळील सांगवडे येथे जन्मलेल्या टेंबे यांनी हे वाद्य मुख्यतः स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केले. भास्करबुवा बखले यांचा सहवास आणि अल्लादियाखाँ यांच्या गायकीचा संस्कार त्यांना लाभला. खाँसाहेबांचे चरित्रही त्यांनी पुढे लिहिले. गळ्यातील गायकी बोटांत आणण्याचा त्यांनी ध्यास घेतला. मींड शक्य नसलेल्या वाद्यावर गायकीचा आभास निर्माण करावयाचा, तर स्वरांची निवड, त्यांवरील ठहराव, कणस्वर, खटका आणि मुरकी यांवर भिस्त ठेवावी लागते. जे सलग नाही ते सलग भासविणे ही पेटीवादकाची खरी कसोटी होय.

रंगभूमीवरील चाली

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘मानापमान’ १९११ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. त्याच्या चाली टेंबे यांच्या होत्या. तत्पूर्वी नाटककाराने स्वतःच माहितीच्या चालींवर पदे रचावीत, अशी रीत होती. ‘मानापमान’पासून स्वतंत्र संगीतकार ही भूमिका मराठी रंगभूमीवर स्थिरावली, असे सामान्यतः मानले जाते. टेंबे यांनी ठुमरी, दादरा, कजरी इत्यादी उत्तरेकडील ललित प्रकारांतील चाली मराठी पदांसाठी योजल्या. या प्रकारांचे सौंदर्य लहान, रेखीव स्वरवाक्यांत आणि मुरक्यांत असते आणि नेमके तेच पेटीवर उत्तम उमटते. म्हणून या निवडीमागे केवळ रुचीचा नव्हे, तर वादकाच्या हाताचाही वाटा आहे, असे अनुमान करता येते.

१९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळीची स्थापना केली. तेथून बाहेर पडल्यावर त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. नट, नाटककार, संगीतकार आणि मालक अशा सर्व भूमिकांचा अनुभव घेऊनच ते बोलपटाकडे आले.

‘प्रभात’मधील कालखंड

१९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३२ मध्ये व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘अयोध्येचा राजा’ मराठी व हिंदी अशा दोन भाषांत काढला. त्यात टेंबे हरिश्चंद्र झाले होते, दुर्गा खोटे तारामती होत्या, आणि संगीतही टेंबे यांचेच होते. त्यानंतर ‘अग्निकंकण’, ‘माया मच्छिंद्र’ (१९३२), ‘सिंहगड’ आणि ‘सैरंध्री’ (१९३३) या चित्रपटांना त्यांनी संगीत दिले.

त्या वेळी पार्श्वगायनाची सोय नव्हती; भारतीय चित्रपटात ती १९३५ मध्ये आली. नटाने कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गावयाचे, साथीदारांनी चौकटीबाहेर बसून वाजवावयाचे, आणि सारे एकदमच ध्वनिमुद्रित करावयाचे, अशी पद्धत होती. रंगभूमीवर ‘वन्समोअर’च्या बळावर पद वाढविता येई, येथे मात्र फितीची लांबी ठरलेली होती. अशा स्थितीत आटोपशीर, पहिल्याच ओळीत ओळख पटविणारी आणि मोजक्या साथीवर उभी राहणारी चाल आवश्यक होती. पेटीवर घडलेल्या टेंबे यांच्या चालीत हे गुण आधीपासूनच होते. ‘नाट्यसंगीत पडद्यावर आणले’ या विधानात ही गोष्ट निसटते. त्यांनी आणले ते नाट्यपदाचा विस्तार वगळून उरलेले चालीचे सार होय.

मर्यादा

तथापि, या संगीताची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. चित्रपटात संगीताचे काम गाण्यापुरते नसते. प्रसंगाखालून वाहणारा, दोन दृश्ये जोडणारा स्वरप्रवाह ही या माध्यमाची स्वतंत्र मागणी आहे. ‘अयोध्येचा राजा’त गाणे सुरू झाले की कथा थांबते. येथे इटलीतील नीनो रोटा (१९११–१९७९) यांचे उदाहरण बोधक ठरते. ‘मानापमान’च्याच वर्षी जन्मलेले रोटा हेही पियानोवादक होते, परंतु त्यांच्यामागे संगीतविद्यालयातील स्वरलेखनाचे शिक्षण आणि वाद्यवृंदाची परंपरा होती. फेलिनी यांच्या चित्रपटांत त्यांची एखादी धून वाद्ये आणि लय बदलत कथेसोबत चालते. टेंबे यांच्यापाशी चाल होती, तिला वाद्यवृंदात विस्तारण्याचे साधन नव्हते. हा दोष त्यांच्या प्रतिभेचा नसून भोवतालच्या संगीतव्यवस्थेचा आहे.

१९३३ मध्ये ‘प्रभात’ पुण्यास आली आणि ‘अमृतमंथन’पासून (१९३४) भोळे यांनी संगीताची धुरा घेतली. ‘कुंकू’त (१९३७) त्यांनी पार्श्वसंगीताऐवजी प्रसंगातील स्वाभाविक ध्वनी वापरून माध्यमाचा वेगळाच विचार केला. अशा विचाराला वाव मिळाला, याचे एक कारण असे की बोलपटात गाणे कसे बसवावे हा प्राथमिक प्रश्न टेंबे यांनी आधीच सोडविला होता.

समारोप

‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची (१९३१) प्रत आज उपलब्ध नाही. ‘अयोध्येचा राजा’ मात्र पाहता-ऐकता येतो. त्यामुळे टेंबे यांच्याविषयीचे मत ऐकीव अभिप्रायांवर सोडण्याचे कारण उरत नाही. ‘माझा संगीत व्यासंग’ आणि ‘माझा जीवनविहार’ ही त्यांची पुस्तके मराठी विभागात आत्मपर गद्य म्हणून वाचली जातात. तीच पुस्तके चित्रपटाशेजारी ठेवून वाचली, तर साहित्य, संगीत आणि चित्रपट या तीन अभ्यासशाखांना एकत्र आणणारा विषय हाती लागतो. बाहेरून आलेले, सदोष ठरविले गेलेले वाद्य घेऊन एका कलावंताने दोन माध्यमांना चाली दिल्या. वाद्याच्या उणिवेतून शैली कशी घडते, याचा इतका ठळक दाखला मराठी संगीतात विरळाच आढळतो.