माहेर आणि हिस्सा : मराठी साहित्यातील बहीण-भाऊ नात्याचा एक विचार

प्रस्तावना

कुटुंब ही समाजाची मूलभूत संस्था असून साहित्याने या संस्थेतील नात्यांचे चित्रण सातत्याने केले आहे. मराठी समीक्षेत पती-पत्नी, पिता-पुत्र व सासू-सून या नात्यांची चर्चा विपुल झाली. त्या मानाने बहीण-भावाच्या नात्याकडे मुख्यतः भावनेच्या अंगानेच पाहिले गेले. राखी, भाऊबीज आणि माहेरची ओढ एवढ्यावर हे नाते संपत नाही. वडिलांच्या पश्चात वारस नोंदीसाठी भावंडे एकत्र बसतात, त्या वेळी या नात्याची खरी कसोटी लागते. मराठी साहित्यात माहेर हे मुलीच्या हक्काचे नव्हे, तर जिव्हाळ्याने लाभणारे ठिकाण म्हणून आले. त्यामुळे हिस्सा मागणारी बहीण साहित्याच्या केंद्रस्थानी क्वचितच आली, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

लोकसाहित्यातील माहेर

जात्यावरची ओवी ही स्त्रीची स्वतःची अभिव्यक्ती होय. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. या ओव्यांच्या जगात भावाला मोठे स्थान आहे. भावाची शेती पिकावी, त्याचे घर भरलेले राहावे, अशी कामना बहीण करते. तिची स्वतःची अपेक्षा मात्र साडीचोळी आणि दोन दिवसांचा विसावा एवढीच असते. त्यातही काही उणे पडले तर दोष भावजयीच्या माथी येतो. भाऊ बहुधा निर्दोष राहतो. नात्यातील ताण परक्या घरातून आलेल्या दुसऱ्या स्त्रीवर ढकलल्यामुळे मूळ प्रश्न विचारलाच जात नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह कवयित्रीच्या निधनानंतर १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. लेकीला माहेर लाभावे म्हणून आई सासरी नांदते, हा त्यातील विचार मार्मिक आहे. माहेर आपोआप टिकत नाही, एका स्त्रीच्या कष्टांवर ते दुसऱ्या स्त्रीसाठी उभे राहते, असा त्याचा अर्थ होतो. परंतु ज्या घरासाठी ती स्त्री कष्टते, त्या घराच्या मालकीचा विचार तेथे येत नाही.

लोकाचारातही हेच दिसते. भाद्रपदात येणाऱ्या गौरीला माहेरवाशीण मानले जाते. पहिल्या दिवशी तिचे आवाहन, दुसऱ्या दिवशी पूजन आणि तिसऱ्या दिवशी विसर्जन होते. तिचे कोडकौतुक मनापासून केले जाते, पण तिच्या जाण्याचा दिवस तिच्या येण्याआधीच ठरलेला असतो. पाहुणीला मान असतो; हिस्सा नसतो.

आधुनिक साहित्यातील मुलगी

विभावरी शिरूरकर या टोपणनावाने मालती बेडेकर यांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) हा कथासंग्रह प्रसिद्ध केला आणि मराठी वाचकवर्गात खळबळ उडाली. त्यातील ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ या कथेचे शीर्षकच प्रस्तुत विषयाचे सूत्र सांगते. मिळवत्या मुलीच्या कमाईवर वडिलांचे घर चालते, पण ते घर तिचे होत नाही. घरासाठी राबण्यात मुलीचा वाटा आणि घराच्या मालकीत तिचा वाटा नाही, ही विसंगती लेखिकेने इतक्या लवकर ओळखली, हे तिचे मोठे श्रेय होय.

महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली १९८५ मध्ये रंगभूमीवर आले. विदर्भातील धरणगावकर देशपांडे कुटुंबात तात्याजींचे निधन झाले आहे. वाड्यात राहिलेला भास्कर आणि मुंबईहून आलेला सुधीर यांच्यात खर्चाचा व वाटणीचा ताण उभा राहतो. अंगणात गंजलेला ट्रॅक्टर आणि वाड्याच्या ढासळत्या भिंती यांतून सरंजामी व्यवस्थेचा ऱ्हास सूचित होतो. समीक्षेने या ऱ्हासाची चर्चा भरपूर केली. बहीण प्रभा मात्र या चर्चेत मागे राहिली. शिकण्याची तीव्र इच्छा असूनही वडिलांनी तिला पुढे शिकू दिले नाही. भावांचा संघर्ष काय मिळणार याविषयीचा आहे. प्रभाचा प्रश्न काय हिरावले गेले याविषयीचा आहे. वाटणीच्या हिशेबात जमीन आणि सोने मोजले जाते, पण नाकारलेल्या शिक्षणाची भरपाई कोणत्याच हिश्शात बसत नाही. या नाटकातील सर्वांत खोल शोकांतिका प्रभाची आहे, असे म्हणणे अवाजवी ठरणार नाही.

‘नटसम्राट’ (१९७०) मध्ये वि. वा. शिरवाडकरांनी आपले सर्वस्व मुलगा व मुलगी या दोघांनाही देणारा पिता उभा केला. येथे मुलीला वाटा मिळतो; परंतु तो पित्याच्या इच्छेने दिलेले दान म्हणून मिळतो, हक्क म्हणून नव्हे. शिवाय नाटकाचे लक्ष पित्याच्या दुःखावर केंद्रित असल्याने भावंडांच्या परस्पर नात्याला तेथे फारसा अवकाश राहत नाही.

कायदा आणि आजचे गाव

साहित्य ज्या प्रश्नाजवळ येऊन थांबले, तेथून कायदा पुढे गेला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने मुलीला वडिलांच्या स्वतंत्र मिळकतीत वारसा दिला. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मात्र ती मुलाप्रमाणे जन्मतः सहदायाद नव्हती. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हा हक्क दिला, पण त्या वर्षीच्या २२ जूनपूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळले. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद संपवला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात हा हक्क जन्मसिद्ध असल्याचे आणि त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नसल्याचे स्पष्ट केले.

तथापि कायद्याने दिलेला हक्क व्यवहारात अनेकदा हक्कसोडपत्राने परत केला जातो. रायगड जिल्ह्यातील रोहा तालुक्यात मुंबई-गोवा महामार्गावर वसलेल्या खांबसारख्या गावाच्या संदर्भात हा प्रश्न नीट समजतो. भाताची छोटी खाचरे, त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेली नावे, एक भाऊ गावी तर दुसरा मुंबईस, अशी या पट्ट्यातील अनेक कुटुंबांची रचना आहे. महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले. रस्त्यालगतची जमीन संपादित होते, तेव्हा पोट भरणारे शेत रोख मोबदला होते आणि सातबाऱ्यावरील प्रत्येक नावाला अचानक महत्त्व येते. बहिणीची सहीही तेव्हा लागते. सही दिली तर माहेर राहते. हिस्सा मागितला तर माहेर तुटते, अशी धास्ती तिला वाटते. वडिलोपार्जित मिळकतीवरील हक्क विनामोबदला भावाच्या नावे सोडल्यास मुद्रांक शुल्कही नाममात्र असते. हक्क सोडण्याची वाट अशी सोपी आहे.

या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. गावी राहून शेती कसणारा, आई-वडिलांचे आजारपण काढणारा भाऊ आणि ती सेवा प्रत्यक्ष करणारी त्याची पत्नी यांचे श्रमही कोणत्याच उताऱ्यावर नोंदले जात नाहीत. म्हणून हिस्सा नाकारणारा भाऊ सरसकट लोभी ठरवणे हे हिस्सा मागणाऱ्या बहिणीला लोभी म्हणण्याइतकेच उथळ आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, ओवीपासून नाटकापर्यंत मराठी साहित्याने बहिणीच्या मायेचे मोल ओळखले. तिच्या हक्काचा प्रश्न शिरूरकरांनी विचारला आणि एलकुंचवारांनी प्रभाच्या रूपाने सूचित केला. परंतु समीक्षेने त्यागालाच बहिणीचा सद्गुण मानल्यामुळे हा धागा दुर्लक्षित राहिला. बहिणीने आपणहून सोडलेला हक्क आणि नाते तुटण्याच्या भयाने सोडलेला हक्क यांत मूलभूत अंतर आहे. कागदावर दोन्ही सह्या सारख्याच दिसतात. त्यांतील अंतर दाखवणे कायद्याला कठीण जाते. ते साहित्यच दाखवू शकते. हिस्सा घेतल्यानंतरही जिचे माहेर शाबूत राहते, अशा बहिणीची कथा मराठीत पुरेशा ताकदीने लिहिली जाणे अद्याप बाकी आहे.