लिवा मैरिनचा कोप : एका लोकसमजुतीची मीमांसा

मध्य अमेरिकेतील होंडुरास व निकाराग्वा यांच्या किनाऱ्यावर मिस्कितो जमातीचे पाणबुडे शेवंडे पकडतात. खोल पाण्यातून वर आलेल्या पाणबुड्याचे पाय लुळे पडले, तर तो ‘लिवा मैरिन’ या जलदेवतेचा कोप समजला जातो. समुद्रातून वाजवीपेक्षा अधिक नेणाऱ्यास ती शासन करते, अशी श्रद्धा आहे. अशा वेळी ‘सुकिया’ या पारंपरिक वैद्याचा आश्रय घेतला जातो.

वैद्यकाचे निदान निराळे आहे. दाबाखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन पाणबुडा त्वरेने वर येताच बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो व मज्जारज्जूस इजा करतो. दाबकक्षात प्राणवायू देणे हा मुख्य उपचार होय. त्यास विलंब झाल्यास अपंगत्व कायमचे ठरण्याचा धोका वाढतो.

तथापि, एवढ्यावरून ही समजूत निव्वळ भ्रम ठरविणे युक्त नव्हे. अतिरेकातून आपत्ती ओढवते, हे तिचे मर्म निदानाशी जुळते. तिचे वैगुण्य अन्यत्र आहे : दोष ती एकट्या पाणबुड्याच्या माथी मारते. मालाच्या वजनावर मजुरी देणारा, सुरक्षित साधने न पुरविणारा मालक कथेत कोठेच नाही. बुडबुड्यांपाशी थांबणाऱ्या निदानातही तो नसतो. आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०२१ रोजी ४२ मिस्कितो पीडितांच्या प्रकरणात, मासेमारी कंपन्यांवर देखरेख न ठेवल्याबद्दल होंडुरास राज्यास उत्तरदायी ठरविले. श्रद्धा आणि शरीर यांच्याइतकाच मजुरीचा करारही या व्याधीच्या अभ्यासाचा विषय आहे.