विश्रामबागवाडा : मालक व रहिवासी

पुण्याच्या विश्रामबागवाड्याचा वृत्तांत देणारे बहुतेक लेखक दुसऱ्या बाजीरावापासून आरंभ करून १८१८ सालाशीं लेखणी खालीं ठेवितात. ही रीत आम्हांस मान्य नाहीं. राज्य गेलें, वाडा इंग्रजांकडे आला; परंतु १८२१ सालीं चॅप्लिनसाहेबानें दक्षिणेच्या द्रव्यांतून तेथें संस्कृत पाठशाळा घातली. पेशव्यांचा वास अवघा दहा-अकरा वर्षांचा, शास्त्रीमंडळींचा त्याहून दीर्घ! मग १८७९ च्या आगींत वाड्याचा मोठा भाग गेला. सनदेंत धन्याचें नांव मिळतें, राहणाऱ्याचें नव्हे. म्हणून कोलाड-रोह्याकडे ज्यांच्या माळ्यावर दप्तरें आहेत त्यांस विनंति कीं, खरेदीखताबरोबर भाडेचिठ्ठ्या व घरखर्चाच्या वह्याहि वाळवीपासून राखाव्या.