गव्हाचे उत्पादन आणि दाण्यातील जस्त : दोन कसोट्या

सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या खतांचे मूल्यमापन करताना हेक्टरी उत्पादन हीच बहुधा अंतिम कसोटी मानली जाते. ही कसोटी अपुरी आहे, असे तुर्कस्तानातील मध्य अनातोलियाच्या प्रयोगांवरून म्हणावे लागते. त्या कोरडवाहू प्रदेशातील चुनखडीयुक्त जमिनींत पिकास उपलब्ध होणारे जस्त अत्यल्प असते.

इस्माइल चाकमाक व त्यांचे सहकारी यांच्या १९९७ सालच्या निबंधात जस्त देण्याच्या निरनिराळ्या पद्धतींची तुलना केलेली आहे. जस्त न दिलेल्या गव्हाच्या दाण्यात किलोग्रॅममागे सुमारे १० मिलिग्रॅम जस्त आढळले. जमिनीतून दिल्यास ते सुमारे १८ मिलिग्रॅम झाले. जमिनीतून देऊन शिवाय पानांवर फवारल्यास ते मूळच्या सुमारे साडेतीनपट झाले. बीजप्रक्रियेने उत्पादन पुष्कळ वाढले. दाण्यातील जस्त मात्र वाढले नाही. उलट, केवळ फवारणीने दाणा समृद्ध झाला, पण उत्पादनात ती पद्धत मागे पडली. म्हणजे पिकाची गरज व खाणाऱ्याची गरज ह्या दोन भिन्न गोष्टी होत. केवळ उत्पादन मोजणाऱ्यास बीजप्रक्रिया समाधानकारक वाटली असती.

इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे १८४३ साली सुरू झालेल्या ब्रॉडबाक प्रयोगातील जतन केलेले नमुनेही हाच इशारा देतात. अधिक उत्पादन देणाऱ्या ठेंगण्या वाणांचा वापर सुरू झाल्यानंतर तेथील दाण्यांतील जस्त, लोह व तांबे ह्यांचे प्रमाण घटल्याचे २००८ साली दाखविण्यात आले.

तथापि दाण्यातील एकूण जस्त हीही अखेरची कसोटी नव्हे. फायटिक अम्लामुळे जस्ताचे शोषण मंदावते. अनातोलियातील संशोधकांनी २००२ साली त्याचाही विचार केला. जस्ताच्या खताने फायटिक अम्लाचे जस्ताशी असलेले गुणोत्तर घटल्याचे त्यांना दिसून आले. हा त्या कार्याचा विशेष गुण होय. परंतु जस्त मुख्यतः अंकुरात व दाण्याच्या बाह्यस्तरात साठते. मैदा करताना हे दोन्ही भाग वेगळे काढले जातात. कणकेच्या पोळीत ते राहतात. पण त्यांबरोबर फायटिक अम्लही राहते. म्हणून विश्लेषण अखंड दाण्यापाशी थांबविल्यास आहारविषयक निष्कर्ष अर्धवटच ठरतो.

अनातोलियातील उत्पादनवाढ अत्यंत जस्तहीन जमिनीतील आहे. मृद्‌परीक्षणाशिवाय ती इतरत्र गृहीत धरणे शास्त्रास धरून होणार नाही. ह्या प्रयोगांतून घ्यावयाचा आहे तो आकडा नव्हे, तर शेत, दाणा व पीठ ह्या तिन्ही ठिकाणी मोजमाप करण्याचा दंडक.