अपघातानंतरची मानदुखी : एका निष्कर्षाची चिकित्सा

उभ्या मोटारीला मागून धडक बसली की धड आसनाबरोबर पुढे ढकलले जाते. डोके मात्र जडत्वामुळे क्षणभर मागेच राहते. हा ताण मानेचे स्नायू आणि सांधे सोसतात. ही इजा क्ष-किरण चित्रात सहसा दिसत नाही. त्यामुळे महिनोन्‌महिने मान दुखते म्हणणाऱ्याला 'भरपाईसाठी सोंग' हा शेरा दोंडाईच्यात काय किंवा युरोपात काय, ऐकावा लागू शकतो.

या शेऱ्याला आधार म्हणून लिथुआनियातील एक पाहणी पुढे केली जाते. ती १९९६ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. कौनास शहरातील पोलिसांच्या नोंदींवरून, एक ते तीन वर्षांपूर्वी मागून धडक बसलेले २०२ जण निवडले गेले. तेथे अशा दुखण्याला भरपाई मिळण्याची शक्यता फारच कमी होती. महिन्यातून सात दिवसांहून अधिक मान दुखणारे त्यांच्यात ८.४ टक्के, तर अपघात न झालेल्यांच्या गटात ६.९ टक्के निघाले. म्हणजे अपघाताने दीर्घकाळची मानदुखी होत नाही, असा अर्थ लावला गेला.

तुलनेसाठी दुसरा गट घेतला, हे योग्यच झाले. पण छेदाकडे पाहा. २०२ पैकी अपघातानंतर लगेच मान दुखल्याचे आठवणारे ३१च होते. बाकीच्यांना इजाच झाली नसेल, तर त्यांची मान पुढे का दुखावी? दोन टक्केवारींतला फरक सुमारे तीन माणसांचा आहे. २०२ मध्ये तीन म्हणजे दीड टक्का. ३१ मध्ये तीन म्हणजे जवळजवळ दहावा हिस्सा! अर्थात तीन माणसांचा फरक योगायोगानेही पडतो. म्हणून या आकड्यांवरून कोणतीच बाजू सिद्ध होत नाही, असे आम्हांला वाटते.

तेथीलच संशोधकांची दुसरी पाहणी १९९९ साली आली. तिच्यात २१० जणांना अपघातानंतर लवकर गाठून वर्षभर पाहिले. सुरुवातीला मान दुखलेले या वेळी चौथ्या हिश्श्याहून अधिक निघाले. माणसे वेगळी होती हे खरे, पण जुन्या आठवणींवर विसंबण्यातला धोका येथे जाणवतो. त्यांची मानदुखी १७ दिवसांच्या आत थांबली. हा पुरावा अधिक भक्कम आहे, पण तोही साठेक माणसांचाच.

बहुतेकजण लवकर बरे होतात, एवढे यातून म्हणता येते. समोरचा रुग्ण खोटे बोलतो, हे मात्र यातून निघत नाही. टक्केवारी दिसली की 'कितीपैकी?' हा प्रश्न वर्गात आधी विचारला जावा.